कालव्याकडचा तुकडा विकू नकोस

या आठवड्याचं पत्र नाशिकच्या मखमलाबादहून आलं आहे. थोडं आवरून देतो:

‘काका, मी 19 वर्षांचा आहे. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून मोबाइलवर स्पीडवेच्या शर्यती बघतोय आणि मला तेच करायचंय. छंद म्हणून नाही, पोटापाण्यासाठी. पोलंडला जायचं, एखाद्या क्लबात शिरायचं. गाडीसाठी आणि पहिल्या वर्षाच्या खर्चासाठी आमचा कालव्याकडचा 20 गुंठ्यांचा तुकडा विकावा असं मी घरी बोललो. द्राक्षबाग काढल्यापासून तो पडूनच आहे. अण्णा ताटावरून उठून गेले. तीन आठवडे झाले, ते माझ्याशी बोलत नाहीत. आई म्हणते, अंबडला कंपनीत लाग आणि हे डोक्यातून काढ. मामाच्या जुन्या आरएक्स 100 चा पुढचा ब्रेक काढून मी धरणाच्या कोरड्या पात्रात सराव करतो. व्हिडिओ पाठवतोय. माझ्यात दम आहे का, तेवढं सांगा. नाव छापू नका.’

मखमलाबादच्या मित्रा,

व्हिडिओ मी सात वेळा पाहिला. शेवटच्या दोन वेळा तर आवाज बंद करून फक्त तुझ्या डाव्या पायाकडे बघत होतो. दम आहे. तुकडा मात्र विकू नकोस. ही दोन्ही उत्तरं मी एकाच वेळी का देतोय, हे समजावायला थोडं लांबून यावं लागेल.

आधी बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. कालिकेच्या यात्रेतला मौत का कुआँ पाहिलेल्यांना वाटेल, हा त्यातलाच प्रकार. तसं नाही. स्पीडवे म्हणजे मोटारसायकलची शर्यत: सैल खडीमातीचा लांबट गोल ट्रॅक, एका फेरीला साधारण 260 ते 425 मीटर. चार रायडर, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे. एक शर्यत मिनिटभरात संपते. गाडी 500 सीसीची, एकाच सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी. तिला गिअर एकच आणि ब्रेक एकही नाही. वजन कमीत कमी 77 किलो असावं असा नियम आहे, म्हणजे आपल्या रोजच्या स्प्लेंडरपेक्षाही हलकी. सुरुवातीच्या रेषेवरच्या फिती वर उडाल्या की तीनेक सेकंदांत ती ताशी शंभरच्या घरात जाते, आणि पहिलं वळण तर समोरच असतं. तिथे मागचं चाक मुद्दाम बाहेर फेकायचं, हँडल उजवीकडे वळवायचं आणि गाडी आडवी घसरवत डावीकडे न्यायची. वेग कमी होतो तो त्या घसरण्यानेच. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य.

हा खेळ 1920 च्या दशकात ऑस्ट्रेलियात फोफावला, 1928 साली इंग्लंडमधल्या हाय बीच गावी पोहोचला. पहिली जागतिक स्पर्धा 1936 ची, वेम्बलीची. जिंकणारा होता ऑस्ट्रेलियाचा लायोनेल व्हॅन प्राग. आज या खेळाचं माहेरघर पोलंड. आपल्याकडे जुन्या मेकॅनिक मंडळींना एक नाव ऐकून बरं वाटेल. या गाड्यांच्या इंजिनांवर कित्येक वर्षं जावाचं नाव होतं, चेक देशातल्या दिविशोव्ह गावच्या कारखान्याचं. आपण चालवली ती म्हैसूरची जावा वेगळी, पण नाव तेच.

मी स्वतः 1991 ते 1994 डर्ट ट्रॅकवर गाड्या पळवल्या. आता सातपूरला इंजिन बोअरिंगचं वर्कशॉप आहे. स्पीडवे मी प्रत्यक्ष एकदाच पाहिलं, 2019 च्या उन्हाळ्यात, भाच्याकडे मँचेस्टरला गेलो होतो तेव्हा. बेल व्ह्यूचं नॅशनल स्पीडवे स्टेडियम. संघात सात रायडर, रात्रीत 15 हीट, म्हणजे 15 छोट्या शर्यती. लोक ट्रॅककडे बघत होते आणि मी कठड्याला टेकून पिट्सकडे, म्हणजे गाड्या दुरुस्त करतात त्या जागेकडे.

तिथे पाहिलेली एक गोष्ट तुला सांगायची आहे. विशीतला एक रायडर हीट संपवून आला. चौथा आला होता, म्हणजे शून्य गुण. गाडी स्टँडवर चढवली आणि हेल्मेट काढायच्या आधी त्याने मागच्या टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड गोल झाली होती. त्याने आणि त्याच्या मेकॅनिकने चाक उतरवलं, टायर फिरवून दुसरी, ताजी कड कामाला आणली आणि मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बदललं. दोघं एक शब्दही बोलले नाहीत. मग तो कठड्याशी येऊन ट्रॅक्टरकडे बघत उभा राहिला. पाणी मारून झाल्यावर सैल माती कुठे जाऊन बसते, आतल्या कडेला की बाहेरच्या, हे तो बघत होता. पुढच्या हीटला तो पहिल्या वळणावर सगळ्यांच्या बाहेरून गेला आणि दुसरा आला. जळलेल्या एरंडेल तेलाचा तो वास अजून माझ्या नाकात आहे.

तुझ्या पत्रात हँडल आहे, वेग आहे, पोलंड आहे; हे टायर आणि स्प्रॉकेट कुठेच नाही. क्लब रायडरला गाडी देतो आणि महिन्याला पगार देतो, असा तुझा समज दिसतो. या खेळात रायडर बहुतेक ठिकाणी स्वतःच मालक असतो. गाड्या त्याच्या, इंजिनं त्याची, मेकॅनिकचा पगार तो देतो, व्हॅन त्याची. मिळकत मुख्यतः गुणांवर. नावाजलेले रायडर पोलंड, स्वीडन, इंग्लंड अशा दोन-तीन लीगमध्ये एकाच हंगामात पळतात. आज इथे शर्यत, रात्रभर प्रवास, परवा तिथे. काही हीट झाल्या की इंजिन उघडून ट्यूनरकडे, म्हणजे ते पुन्हा जुळवून देणाऱ्या कारागिराकडे, द्यावं लागतं. खांद्याचं हाड मोडलं तर गुण बंद, पैसेही बंद, मेकॅनिक आणि व्हॅनचा हप्ता मात्र चालू. त्यामुळे तुला जी स्वप्नातली नोकरी वाटते, ती खरं तर परक्या देशात स्वतःचा कारखाना टाकण्यासारखी आहे. 20 गुंठे विकून तो उभा राहील. किती दिवस चालेल, हे मी छातीठोक सांगू शकत नाही, पण दुसरा हंगाम बघेल असं मला वाटत नाही.

आणि वय. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण न लिहिणं ही तुझी फसवणूक होईल. पोलंडचा रायडर बार्तोश झ्मार्झलिक 1995 साली जन्मला आणि 2019 साली, चोविसाव्या वर्षी, पहिल्यांदा जगज्जेता झाला. तो लहानपणापासून छोट्या गाड्यांवर आणि छोट्या ट्रॅकवर घसरत मोठा झाला. तिथली मुलं दहा-बारा वर्षांची असताना क्लबात येतात. पोलंडच्या संघांत तरुण ज्युनियर रायडर खेळवण्याची सक्ती आहे, पण त्या जागा तिथल्या घरच्या मुलांसाठी आहेत. परदेशी रायडरला घेतात ते त्याचं नाव आधीच झालेलं असतं म्हणून. त्यात कागदपत्रं: शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं आणि त्यावर कमाई करता येत नाही, कामासाठी वेगळा परवाना लागतो. तू 20 व्या वर्षी तिथे उतरून लीगमध्ये कमावता रायडर होशील, याची शक्यता मला फार थोडी वाटते. शून्य नाही म्हणत. फार थोडी.

आपल्याच जिल्ह्यातल्या दत्तू भोकनळचं उदाहरण तू घरी दिलं असशील, तुझ्या वयाचा प्रत्येक मुलगा देतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा पोरगा, वडिलांबरोबर विहिरी खोदणारा, सैन्यात गेल्यावर त्याने वल्हं हातात घेतलं आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने बोट वल्हवायच्या शर्यतीत, तेरावा आला. उशिरा सुरू करूनही जमतं, हे खरं. पण त्याच्या मागे सैन्य होतं. बोट सैन्याची, प्रशिक्षक सैन्याचा, जेवण, पगार, दवाखाना सगळं सैन्याचं. तुझ्या मागे अण्णांचे 20 गुंठे आहेत. दोन्हीत फरक आहे, आणि तो जिद्दीचा नाही.

आता दवाखान्याचं बोलू. 1994 च्या एका शर्यतीत मी पडलो. आयोजकांचं नाव घेत नाही. मैदानावर रुग्णवाहिका नव्हती. मला भाजीच्या टेम्पोत मागे बसवून नेलं. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले, मी चौथ्या आठवड्याला गाडीवर बसलो आणि तेच हाड पुन्हा मोडलं. प्लेट बसली. आजही वरच्या फळीवरचा पिस्टन काढायचा तर मला स्टूल लागतं, उजवा हात खांद्याच्या वर जातच नाही. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता. शेजाऱ्यांकडे निरोप आला, ‘मुलगा पडला’ एवढाच, आणि लाइन तुटली. आई दोन तास त्यांच्या ओट्यावर बसून होती. ती आता नाही, पण त्या दोन तासांबद्दल ती माझ्याशी कधीच बोलली नाही.

माझं तर फक्त हाड होतं. डार्सी वॉर्ड हा ऑस्ट्रेलियाचा रायडर दोनदा ज्युनियर जगज्जेता होता. ऑगस्ट 2015 मध्ये पोलंडच्या झिएलोना गुरात पडला आणि छातीखालचं शरीर लुळं पडलं. तेव्हा तो 23 वर्षांचा होता. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. अण्णा ताटावरून उठले ते जमिनीसाठी असं तू धरून चालला आहेस, आणि मला तसं वाटत नाही, म्हणून लिहितोय.

घरातल्या मेडिक्लेमची पॉलिसी काढ आणि वाच. धोकादायक किंवा साहसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या इजेचा खर्च मिळणार नाही, असं कलम त्यात बहुधा सापडेलच, आणि तिथे मोटर रेसिंग हे शब्दही असतात. शर्यतीत उतरायच्या आधी वेगळा अपघात विमा लागतो. ही चौकशी तू स्वतः कर आणि कागद अण्णांसमोर ठेव. ‘मला जाऊ द्या’ यापेक्षा ‘पडलो तर काय होईल हे मी विचारून आलोय’ हे वाक्य बापाला जास्त ऐकू येतं.

मग करायचं काय? कंपनीत लागून हे विसरायचं, असं मी म्हणणार नाही. तुझ्या आईचा राग ओढवून घेतो, पण नाही म्हणत.

डिप्लोमा पूर्ण कर, चांगल्या गुणांनी कर, कारण या खेळात इंजिन उघडता न येणारा गरीब रायडर टिकत नाही. शनिवार-रविवार माझ्या वर्कशॉपला ये. सिंगल सिलिंडर फोर स्ट्रोक उघडून परत बसवायला शिकवतो: व्हॉल्व्ह सीट, टायमिंग, रिंगचा गॅप. पैसे देणार नाही, चहा आणि मिसळ देईन. मिथेनॉलचा प्रयोग मात्र घरी करायचा नाही, कितीही व्हिडिओ पाहिले असलेस तरी. ते विष आहे, कातडीतूनसुद्धा अंगात जातं, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. पेटलंय हे कळेपर्यंत हात भाजलेला असतो.

शर्यतीसाठी पोलंडच्या आधी पुणे आहे. एफएमएससीआय, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टची मान्यताप्राप्त संघटना, तिचं स्पर्धकाचं लायसन काढ आणि मोटोक्रॉस, सुपरक्रॉसच्या नवशिक्या गटात उतर. जानेवारी 2024 मध्ये बालेवाडीत सुपरक्रॉस लीग भरली होती, तुझ्या मित्रांपैकी कुणी तरी नक्की गेलं असेल. सुपरक्रॉस म्हणजे स्पीडवे नव्हे, त्यात उड्या आहेत. पण हेल्मेटांच्या गर्दीत पहिल्या वळणावर डोकं शांत ठेवणं तिथे शिकशील. ते धरणाच्या पात्रात एकट्याने शिकता येत नाही.

घसरणं शिकायला आपल्या देशात स्पीडवेच्या सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे फ्लॅट ट्रॅक, सपाट मातीच्या गोल ट्रॅकवरची शर्यत. रॉयल एनफिल्डने बंगळुरूकडच्या बिगरॉक डर्टपार्कमध्ये स्लाइड स्कूल सुरू केलं होतं, हिमालयनवरून बनवलेल्या गाड्यांवर. पुढची तुकडी कधी आहे ते विचार. थोड्या दिवसांच्या अशा शिकवणीत तुला तुझ्याबद्दल जे कळेल, ते पोलंडमधल्या एका महागड्या हंगामापेक्षा स्वस्तात कळेल. त्यानंतरही ओढ तेवढीच राहिली, तर नोकरीला लागून स्वतःच्या पगारातून साठव आणि हंगामात, म्हणजे साधारण मार्च ते ऑक्टोबर, एकदा इंग्लंडच्या एखाद्या ट्रॅकवरच्या प्रशिक्षणाला पाहुणा म्हणून जाऊन ये. तिथे लोक भाड्याच्या गाडीवर बसवून शिकवतात. रायडर झालास तर आनंद. मेकॅनिक म्हणून कुणाच्या पिट्समध्ये उभा राहिलास, तरी मी पेढे वाटेन. मला विचारशील तर तुझा खरा रस्ता तोच दिसतो.

राहिला कालव्याकडचा तुकडा. तो विकू नकोस, वापर.

20 गुंठे म्हणजे, तुकडा चौरस धरला तर, साधारण 45 मीटर लांब, 45 मीटर रुंद. लांबट ट्रॅक बसणार नाही, पण 15 मीटर त्रिज्येचं वर्तुळ आरामात बसतं, आणि पडायला बाहेर जागाही उरते. बाग काढलेली आहे, तेव्हा आधी सगळा तुकडा पायी फिर. जुन्या तारांचे तुकडे, अँगलचे बुडखे, ड्रिपच्या नळ्या वेचून काढ. मातीत राहिलेली एक तार चाकात गेली की संपलं. काळ्या मातीवर पाणी पडलं की चिकटा होतो, त्यावर घसरता येत नाही, नुसतं आपटता येतं. वर मुरमाचा पातळ थर लागेल. एक ट्रॉली, फार तर दोन. मग हलका रोटाव्हेटर, फळी, वरून टँकरने शिंपण. हे काम तुझ्यापेक्षा अण्णांना चांगलं येतं. त्यांनी उभा जन्म माती किती ओली आणि किती भुसभुशीत हे टाचेने ओळखण्यात घालवला आहे. मँचेस्टरला तो पोरगा कठड्याशी उभा राहून जे वाचत होता, ते तुझ्या घरात एकाला वाचता येतं. त्यांच्याकडे पैसे मागू नकोस. वर्तुळ आखून दे आणि विचार, ‘अण्णा, इथे मुरूम किती टाकू?’ पहिल्या दिवशी उत्तर येणार नाही कदाचित. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार.

पुढचा ब्रेक आजच्या आज बसव. ब्रेक नसलेली गाडी ही ट्रॅकवरची, सगळ्यांकडे ती तशीच असते म्हणून चालते. तू त्याच आरएक्सवर मखमलाबाद नाक्यावरून घरी जातोस. आणि किल स्विचला दोरी लाव, दुसरं टोक उजव्या मनगटाला. स्पीडवेत ही सक्तीची गोष्ट आहे, रायडर पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं. हे तुला घरी बनवता येईल. बनवून आणलंस की तुझा पहिला रविवार सुरू. पूर्ण तोंडाचं हेल्मेट, घोट्यापर्यंतचे बूट, गुडघ्याला आणि पाठीला संरक्षण, आणि शेतात दुसरं माणूस हजर असल्याशिवाय गाडीला किक मारायची नाही.

आता व्हिडिओ. 40 व्या सेकंदाला, तिसऱ्या वळणावर, मागचं चाक तुझ्या अपेक्षेपेक्षा जास्त बाहेर गेलं आणि तू घाबरून रेस, म्हणजे ॲक्सिलरेटर, सोडलीस. टायरने एकदम पकडलं, गाडी झटक्यात सरळ झाली आणि तू सीटवरून वीतभर वर उडालास. माती ओली असती तर गाडीने तुला उजवीकडे फेकलं असतं आणि वरून स्वतः आली असती. त्या क्षणी रेस पूर्ण सोडायची नाही. धरून ठेवायची, किंचित कमी करायची, आणि हँडल आणखी उजवीकडे द्यायचं. तुझा डावा पायही चुकतोय. तू तो रोवतोस, काठी टेकल्यासारखा. गुडघा अशानेच जातो. तिथले रायडर डाव्या बुटाला लोखंडी तळ लावतात तो पाय मातीवरून सरकावा म्हणून, भार द्यायला नाही. वर्तुळावर आधी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन नुसतं बोलतंय एवढ्या रेसवर, डावा पाय हलका सरकवत दहा फेऱ्या मार. चाक बाहेर जायची घाई करू नकोस. दहाच्या दहा फेऱ्यांत पाय एकदाही रोवला गेला नाही, की मला नवा व्हिडिओ पाठव. या वेळी उंचावरून काढ, ट्रॅक्टरच्या सीटवर कुणाला तरी उभं करून, म्हणजे मला चाकाची पूर्ण रेघ दिसेल.